रकाना

पत्र मार्चात आलं, वर्षअखेरीच्या धांदलीत.
तिसऱ्या पानावर, मुद्दा क्रमांक सहा:
प्रसूतीसमयी महिलेसोबत
तिच्या पसंतीची एक व्यक्ती राहू शकेल.
खाली गोल शिक्का, जरा तिरका.
मी वाचलं, सही केली, तारीख घातली.
वरच्यांच्या हिशेबी धोरण तिथंच अमलात आलं.

पुण्याला प्रशिक्षण झालं. पडद्यावरच्या बाईला
स्वतंत्र खोली होती, शेजारी स्टूल, स्टुलावर हसरी बहीण.
आमच्या शिवाजी पेठेतल्या दवाखान्यात
चार टेबलं, आणि चौघींच्या मधे नुसती हवा.
एकीचं माणूस आत आलं
की उरलेल्या तिघी उघड्या.

पडदे मागितले.
भांडारातले कळंत्रे चष्मा पुसत म्हणाले,
पडदे फर्निचरमधे बसत न्हाईत सिस्टर,
कापडात बसतात. कापडाचं टेंडर ऑगस्टात.
ऑगस्टात आले, इचलकरंजीचे, चांगले जाडजूड.
दांड्या आल्या नाहीत.
दांड्या लोखंडात.

हौसामावशी म्हणाली, मी सांगतो तुमास्नी,
आत एक वरडत्या ती काय कमी हाय?
आता दोघी वरडायच्या व्हय?
डॉक्टर उपाध्ये वाईट माणूस नाहीत.
हळू आवाजात म्हणाले, एखादीचं बरंवाईट झालं
आणि आतलं बघितलेलं कुणी बाहेर सांगितलं, तर?

मी मान हलवली.
हसू नका, मलाही तेच वाटलं होतं.
बावीस वर्षं त्या टेबलापाशी मी काय बोलले
ते बाईनं ऐकलं, आणि भिंतीनं.
मांडीवर मारलेली चापट
कुठल्याच रजिस्टरात चढत नाही.
दांड्या नव्हत्या हे खरंच.
पण दांड्या नाहीत याचं
मला थोडं बरंही वाटत होतं.

डिसेंबरातली रातपाळी. वॉचमन चौगुले चहाला गेलेला.
आफरीन बागवाननं आईचा पदर धरला तो धरलाच.
बोटं सोडवायला गेले, तर माझ्याच हाताला
केळ्याच्या चिकाचे काळे डाग दिसले आईच्या हातावरचे,
कपिलतीर्थाच्या मंडईतले, वर्षानुवर्षांचे.
म्हटलं, या आत. चपला भाईर.
सलाईनचे दोन स्टँड ओढले,
गॉजच्या पट्टीनं पडदा बांधला, लोंबता, एका बाजूनं आखूड.
मावशी पुटपुटत होती, पण गाठ तिनंच मारली.

आई काही बोलली नाही.
पोरीच्या डोक्याशी उभी राहून
डझन मोजावेत तशी मोजत राहिली,
लाभ, दोन, तीन, चार…
बारा झाले की परत लाभ.
पोरगी त्या मोजणीवर श्वास घेऊ लागली.
माझ्या जिभेवर नेहमीचं वाक्य आलं होतं,
तेव्हा कसं गोड लागलं, या शब्दांचं.
गिळलं.
बावीस वर्षांत पहिल्यांदा त्याची चव कळली.

पहाटे चार दहाला मुलगी. दोन किलो आठशे.

रजिस्टर उघडलं. नाव, वय, वेळ, वजन, शेरा.
सोबतीला रकाना नाही.
क्लार्क पोवार म्हणाले, महिन्याचा अहवाल गेला की ओ,
सगळीकडं होय भरून.
मागल्या मार्चपासनं होयच भरतोय आपण.

मग पट्टी घेतली आणि शेऱ्यातनं एक उभी रेघ ओढली,
खाली जाता जाता वाकडी झालेली.
वर लिहिलं, सोबत.
खाली लिहिलं, आई.

छापील पान आहे, उलटलं
की रेघ पुन्हा मारावी लागते.
मी मारते. मावशी आता पट्टी कुठं ठेवली विचारत नाही,
आणून देते.
दिवसपाळीच्या सिस्टर मारतात का,
मी अजून पान उलटून बघितलेलं नाही.